शाळेंतील छापखाना आणि दूरचे सोबती

लेखन हें कोणासाठीं तरी असतें, ही गोष्ट मोठ्या माणसांस सांगावी लागत नाहीं. पत्र लिहिणाऱ्यास वाचणारा ठाऊक असतो, ग्रंथकर्त्यास निदान त्याची आशा असते, आणि वाण्याची खतावणीदेखील उद्यां कोणी उलगडून पाहील या समजुतीवरच लिहिली जाते. या नियमास शाळा हा एक विलक्षण अपवाद आहे. शाळेंत मूल निबंध लिहितें तें कोणास कांहीं कळावें म्हणून नव्हे. ज्यांनीं तो वाचावयाचा त्या गुरुजींस त्यांतील मजकूर आधींच ठाऊक असतो. ते वाचतात ते चुका काढण्याकरितां. दहा-बारा वर्षें असें लेखन केल्यावर मनुष्यास लेखणीचाच कंटाळा आला तर त्यांत नवल तें काय?

या कोंडींतून वाट काढण्याचा एक उपाय म्हणजे दूरच्या एका वर्गानें दुसऱ्या वर्गाचें लेखन वाचावें, आणि दुसऱ्यानें पहिल्याचें. आज एका देशांतील वर्ग दुसऱ्या देशांतील वर्गाशीं पडद्यावर बोलतो, दोहोंकडे एकच पुस्तक वाचलें जातें, आणि या गोष्टीस नव्या यंत्रांचें फळ मानण्याचा प्रघात पडला आहे. वस्तुतः हिचा इतिहास शंभर वर्षांहून जुना असून त्यांत यंत्रांपेक्षां माणसांचा भाग मोठा आहे. त्यांपैकीं कांहींना त्याची किंमतहि जबर द्यावी लागली. त्यांची हकीकत मराठी वाचकांस फारशी परिचित नाहीं, म्हणून ती येथें थोड्या विस्तारानें सांगण्याचें योजिलें आहे.

आरंभ कोठून धरावा, याविषयीं मतभेद होऊं शकेल. लंडनच्या 'रिव्ह्यू ऑफ रिव्ह्यूज' या मासिकाचा संपादक विल्यम स्टेड (जो पुढें १९१२ सालीं 'टायटॅनिक' जहाजाबरोबर बुडाला) यानें १८९७ च्या सुमारास इंग्रज व फ्रेंच विद्यार्थ्यांमध्यें पत्रव्यवहार जुळवून देण्याचा उपक्रम केला होता. परंतु त्यांतील मुख्य हेतु परभाषेचा सराव हाच होता. पहिल्या महायुद्धानंतर या कल्पनेस निराळें वळण लागलें. वेल्समधील रेव्हरंड ग्विलिम डेव्हिस यांच्या पुढाकारानें २८ जून १९२२ रोजीं वेल्सच्या मुलांनीं जगांतील सर्व मुलांस उद्देशून एक सदिच्छेचा संदेश बिनतारी यंत्रावरून पाठविला. पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावरील केंद्रानें तो ऐकला आणि पुढें सोडला. त्या काळीं बिनतारी यंत्र म्हणजे अद्भुतच. पण पहिल्या दोन वर्षीं कोणाकडूनहि उत्तर आलें नाहीं. उत्तरें येऊं लागलीं तीं १९२४ पासून. हा वार्षिक संदेश पाठविण्याची प्रथा वेल्समध्यें अद्यापि चालू आहे आणि तिच्याविषयीं आदर वाटावा अशीच ती आहे. तथापि सर्व जगाच्या नांवें टाकलेलें पत्र कोणी आपलें म्हणून उचलावें? वेल्सचीं मुलें उत्तराची वाट पाहत होतीं त्याच सुमारास फ्रान्समधील एका खेड्यांत एक साधा मास्तर अगदीं उलट दिशेनें चालला होता. सगळ्या जगाशीं बोलण्याची त्याला उमेद नव्हती. त्याला हवा होता एकच दुसरा वर्ग.

फ्रान्सच्या आग्नेय कोपऱ्यांत, आल्प्सचे फांटे भूमध्यसमुद्राकडे उतरतात त्या मुलुखांत, गार नांवाचें एक खेडें आहे. तेथें १८९६ सालीं सेलेस्तँ फ्रेने याचा जन्म झाला. नीस येथील अध्यापनशाळेंत तो शिकत असतां महायुद्ध पेटलें. १९१५ सालीं त्याला सैन्यांत जावें लागलें, आणि १९१७ च्या ऑक्टोबरांत शमँ-दे-दामच्या रणभूमीवर गोळी लागून त्याचें फुप्फुस जायबंदी झालें. पुढें बराच काळ आजारपणांत व विश्रांतींत गेला. १९२० च्या आरंभीं तो बार-स्युर-लू या गांवच्या दोन वर्गांच्या शाळेंत दुय्यम शिक्षक म्हणून रुजू झाला. लू नदीच्या खोऱ्यावर एका कड्यावर हें गांव वसलेलें आहे. आसपास कडू संत्र्याच्या बागा. त्यांचीं फुलें जवळच्या ग्रास शहरांतील अत्तरांच्या कारखान्यांस जात.

फ्रेने पुढें सांगत असे कीं, फुप्फुस अधू असल्यामुळें आपणांस वर्गांत फार वेळ बोलतां येत नसे, धाप लागे, आणि म्हणूनच मास्तरानें बोलण्यावांचून चालेल अशी कांहीं रीत शोधून काढणें आपणांस भाग पडलें. ही कथा फार सुबक आहे, आणि सुबक कथा थोड्या बेतानेंच घ्याव्या. कारण याच सुमारास, १९२२ सालीं, तो जर्मनींतील हाम्बुर्गच्या नव्या धर्तीच्या शाळा पाहून आला होता. १९२३ सालीं स्वित्झर्लंडमधील माँट्रो येथें भरलेल्या नवशिक्षणाच्या परिषदेसहि तो हजर होता. तेथील विचार त्याला पटले, पण त्या शाळांजवळ पैसा होता, साधनें होतीं, मोजकीं मुलें होतीं. बारच्या शाळेंत धुळीनें भरलेली एक खोली होती आणि शेतकऱ्यांचीं मुलें होतीं. अधू छाती आणि रिकामी तिजोरी या दोन गोष्टींनीं मिळून त्याला वाट दाखविली, असें म्हणणें अधिक खरें होईल.

तो मुलांना घेऊन दुपारीं बाहेर पडे. सुतार, लोहार, विणकर यांच्या दुकानांपाशीं उभें राहावें, नदीकांठीं जावें, शेतांतलें काम पाहावें, आणि परत आल्यावर जें पाहिलें त्याचा मजकूर सर्वांनीं मिळून फळ्यावर तयार करावा, असा क्रम. एकदां वर्गांत गोगलगायींची शर्यत लागली, ती गोष्ट फ्रेनेच्या चाहत्यांत पुराणकथेसारखी सांगितली जाते. मुलांचा जीव त्या गोगलगायींत गुंतलेला, आणि क्रमिक पुस्तकांतला धडा बिचारा उघडाच पडलेला. फ्रेनेनें धडा मिटविला आणि शर्यतीचा वृत्तान्त फळ्यावर घेतला. मुलांनीं तो मोठ्या आनंदानें वाचला व उतरून घेतला. परंतु दुसऱ्या दिवशीं नवा मजकूर लिहावयाचा म्हणजे जुना पुसावाच लागे. एवढ्या जिवंत ओळी ओल्या फडक्यानें पुसून टाकावयाच्या आणि ज्यांचा मुलांशीं कांहीं संबंध नाहीं असे धडे मात्र पुस्तकांत छापून कायम राहावयाचे, हा अन्याय त्याच्या मनांत सलूं लागला.

१९२४ सालीं त्यानें एक लहानसें हातछपाईचें यंत्र आणविलें. 'सिन्युप' नांवाचें हें यंत्र जवळजवळ खेळण्यांतलेंच. धंदेवाईक छापखानेवाल्यानें त्याकडे ढुंकूनहि पाहिलें नसतें. पण मुलांनीं खिळे जुळविले, रुळानें शाई फिरविली, कागद दाबून उचलला, आणि काल फळ्यावर असलेले आपलेच शब्द आज पुस्तकांतल्यासारखे छापून आलेले पाहिले. हस्तलिखित मासिकें आपल्याकडेहि अनेक शाळांतून निघत आलीं आहेत, आणि त्यांतील वेलबुट्टी व सुवाच्य अक्षर यांचें कौतुकहि होतें. परंतु हस्तलिखिताची प्रत एकच असते, ती हेडमास्तरांच्या कपाटांत जाते आणि तेथेंच राहते. छापलेल्या पानाच्या जितक्या मुलें तितक्या प्रती निघतात, आणि आणखी तितक्याच काढावयाच्या तर श्रम फारसे वाढत नाहींत. हा साधा फरक पुढील सर्व इतिहासाच्या मुळाशीं आहे.

या कामाची रीत जरा बारकाईनें पाहण्याजोगी आहे. मुलें आपापला मजकूर लिहून आणीत, तो वर्गांत वाचून दाखवीत, आणि कोणता छापावा हें मत घेऊन ठरे. निवडलेला मजकूर फळ्यावर घेऊन सर्वांनीं मिळून सुधारावयाचा. मग पांच-सहा जणांनीं एकेक ओळ वांटून घेऊन खिळे जुळवावयाचे. खिळ्यांचीं अक्षरें उलटीं असतात, म्हणून जुळाऱ्यास ओळ आरशांतल्याप्रमाणें वाचावी लागते. एक वेलांटी चुकली तर ती सबंध वर्गाच्या प्रतींत चुकते. ती काढण्यासाठीं चिमटा घेऊन बसावें लागतें. शुद्धलेखनाचें महत्त्व मुलास पटवून देण्यास याहून सौम्य आणि याहून परिणामकारक छडी कोणती असेल? शिवाय चार ओळी जुळविण्यास सकाळ जाते, तेव्हां पोकळ वाक्यें आपोआप गळून पडतात. फ्रेनेच्या पद्धतीवर एक आक्षेप असा घेतला जातो कीं, सर्वांनीं मिळून सुधारलेला मजकूर मूळ लिहिणाऱ्याचा कितपत उरला? आक्षेप अगदींच निराधार नाहीं. सुधारणारांत मास्तरहि असतो, आणि मास्तराच्या आवडीनिवडी मुलें फार लवकर ओळखतात. छापून आलेल्या त्या पानांतून कधीं कधीं एकाच सुरांतलें गोडवें ऐकूं येतें, हें नाकबूल करतां येणार नाहीं.

पण छापखान्याचें खरें चीज झालें तें वाचणारा भेटल्यावर. फ्रेनेचे लेख शिक्षकांच्या पत्रांतून येत. ते वाचून ब्रिटनी प्रांतांतील त्रेगँ गांवाजवळच्या सँ-फिलिबेर येथील शाळेचा शिक्षक रने दान्येल यानेंहि तसेंच यंत्र घेतलें, आणि १९२६ पासून या दोन शाळांत नियमित देवघेव सुरू झाली. फ्रान्सच्या नकाशावर हीं दोन गांवें म्हणजे एका कर्णाचीं दोन टोकें; मध्यें हजारभर किलोमीटरांचें अंतर. एक डोंगरांतलें, फुलांचें आणि ऑलिव्हांचें. दुसरें अटलांटिकच्या कांठचें, कोळ्यांचें. बारला छापलेल्या प्रत्येक पानाच्या तितक्याच प्रती टपालानें सँ-फिलिबेरला जात आणि तेथील प्रत्येक मुलास एकेक मिळे. तिकडच्या इकडे येत. अशा रीतीनें प्रत्येक मुलाच्या मेजांत दोन पुस्तकें दिवसेंदिवस वाढत जात. एक आपल्या वर्गाचें आणि एक त्या कधीं न पाहिलेल्या सोबत्यांचें. फ्रेने यांस 'जीवन-ग्रंथ' म्हणे.

या दुसऱ्या पुस्तकाच्या वाचनाची गोडी कांहीं निराळीच असली पाहिजे. भूमध्यसमुद्रास भरती-ओहोटी जवळजवळ नाहींच. ब्रिटनीच्या किनाऱ्यावर पाणी दिवसांतून दोनदां दूरवर मागें हटतें आणि पुन्हां येतें. भूगोलाच्या पुस्तकांत ही माहिती दोन्हीकडच्या मुलांनीं घोकलेलीच होती. पण ज्याचें नांव आपणांस ठाऊक आहे असा मुलगा ओहोटीच्या वेळीं शिंपले वेंचावयास गेलेला असतो, तेव्हां ओहोटी म्हणजे काय हें विचारल्यावांचून राहवत नाहीं. आणि विचारणारा भेटला म्हणजे सांगणारासहि प्रथमच जाणीव होते कीं, आपणांस नित्याची असलेली गोष्ट दुसऱ्यास समजावून सांगणें किती कठीण आहे. कडू संत्र्याचें फूल कसें तोडतात, त्याचें पुढें काय होतें, दर काय मिळतो, हें बारच्या मुलास पूर्वीं कोणी विचारलेंच नव्हतें. पानांबरोबर चित्रें, नकाशे आणि खाऊचीं पुडकींहि जात. येथें एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. टपालास दिवस लागत. ते वाट पाहण्याचे दिवस वाया जात नसत. उत्तर काय येईल याविषयींचे तर्क हाहि शाळेचाच भाग होता. रने दान्येलचें नांव फ्रेनेच्या मानानें फारच थोड्यांस ठाऊक आहे. परंतु त्यानें उत्तर दिलें नसतें तर बारचा छापखाना हें एका हौशी मास्तराचें खेळणेंच ठरलें असतें.

यानंतर कामास वेग आला. १९२७ सालीं मुलांच्या निवडक लेखांचें 'ला जेर्ब' (म्हणजे पेंढी) हें मासिक निघालें. त्याच वर्षीं तूर येथें 'शाळेंतील छापखाना' चालविणाऱ्या शिक्षकांची पहिली परिषद भरली. शिक्षकांनीं आपली सहकारी संस्था काढली; ती खिळे, कागद व यंत्रें पुरवी, आणि पुढें लहान पडद्यावर दाखविण्याचे चित्रपट, ग्रामोफोनच्या तबकड्या व रेडिओ यांचाहि तिनें शाळांसाठीं उपयोग करून पाहिला. परदेशच्या शाळांशीं लिहितांना भाषेची अडचण येई, म्हणून एस्पेरांटो या कृत्रिम भाषेचाहि आधार घेण्यांत आला. १९२८ सालीं फ्रेनेनें क्रमिक पुस्तकें पार काढून टाकावीं अशा अर्थाच्या मथळ्याचें एक पुस्तकच लिहिलें. तें आम्हांस एकांगी वाटतें. शेजारच्या गांवची बातमी कितीहि रसाळ असली तरी कांहीं गोष्टी अशा असतात कीं, त्या क्रमानें, पायरीपायरीनेंच शिकाव्या लागतात.

छापलेला शब्द दूर जातो. आणि ज्याच्या हातीं पडूं नये त्याच्याहि हातीं पडतो. १९२८ सालीं फ्रेने व त्याची पत्नी एलीज हीं सँ-पोल या गांवीं बदलून आलीं. शाळेची दुर्दशा, दुरुस्तीकडे नगरपालिकेचें दुर्लक्ष, यांवरून तंटा वाढत गेला. फ्रेने डाव्या मताचा, १९२५ सालीं रशियाचा दौरा करून आलेला. गांवचीं वजनदार माणसें दुसऱ्या टोकाचीं. १९३२ च्या डिसेंबरांत त्याच्याविरुद्ध गांवांत भित्तिपत्रकें लागलीं. त्यांत पुरावा म्हणून वापरला होता तो एका मुलानें लिहिलेला आणि शाळेंत छापलेला स्वप्नाचा वृत्तान्त. शाळेचें साहित्य फुकट देण्यास नकार देणाऱ्या मेयरला मुलांनीं स्वप्नांत मारलें, असा त्याचा आशय. मुलांचीं स्वप्नें असलींच असतात. पण तीं सहसा उशीवरच राहतात. 'आक्सियों फ्रांसेझ' या राजपक्षीय वर्तमानपत्रानें प्रकरण देशभर गाजविलें, १९३३ च्या वसंतांत शाळेसमोर दंगल होण्यापर्यंत मजल गेली, आणि सरकारनें फ्रेनेची बदली केली. त्यानें सरकारी शाळा सोडली आणि जवळच व्हाँस येथें १९३५ सालीं स्वतःची शाळा उघडली.

तें पान छापावयास नको होतें काय? फ्रेनेच्या अनुयायांनीं हा प्रश्न बहुधा टाळला आहे. त्याच्या बाजूनें एवढें खरें कीं, जें मुलांस छापावेसें वाटलें तें त्यानें छापूं दिलें. परंतु मुलाचें स्वप्न मोठ्यांच्या भांडणांत शस्त्र होऊं शकेल हें ओळखण्याचें काम मुलाचें नव्हतें, मास्तराचें होतें. शाळेबाहेरचा वाचक मिळविणें म्हणजे सर्वच तऱ्हेचे वाचक मिळविणें होय.

व्हाँसच्या शाळेंत पुढें स्पेनमधील निर्वासित मुलें आलीं, आणि त्या देशाची कथा या इतिहासांतील सर्वांत करुण आहे. १९३१ सालीं स्पेनमध्यें प्रजासत्ताक आलें, खेडोपाडीं शाळा उघडण्याची मोहीम निघाली, आणि फ्रेनेची पद्धति प्रथम कातालोन्याच्या लेइदा भागांत रुजली. शाळा-निरीक्षक एर्मिनियो आल्मेंद्रोस यानें १९३२ सालीं 'शाळेंतील छापखाना' याच विषयावर पुस्तक लिहिलें; होसे दे तापिया, पात्रिसियो रेदोंदो वगैरे शिक्षकांनीं आपापल्या खेड्यांत यंत्रें मांडलीं. यांच्याच मेळ्यांत आंतोनि बेनाइजेस हा तरुण होता. १९०३ सालीं समुद्रापासून थोड्याच अंतरावरील मोन्त-रोइग या गांवीं त्याचा जन्म झाला होता. १९३४ सालीं त्याची नेमणूक बुर्गोस प्रांतांतील बान्युएलोस दे बुरेबा या आडवळणाच्या लहानशा खेड्यांत झाली. गांव पठारावरचें, गव्हाच्या शेतांचें. त्यानें स्वतःच्या पगारांतून छपाईचें यंत्र घेतलें, एक ग्रामोफोनहि आणला. मोठ्या मुलांचें 'हेस्तोस' आणि धाकट्यांचें 'रेक्रेओ' अशीं दोन पत्रें निघूं लागलीं, आणि तीं इतर शाळांच्या पत्रांशीं बदलून घेतलीं जाऊं लागलीं.

१९३६ च्या जानेवारींत या शाळेनें एक छोटी पुस्तिका छापली. तिचें नांव 'समुद्र', आणि त्याखालीं, ज्यांनीं तो कधीं पाहिला नाहीं अशा मुलांच्या दृष्टीनें, अशा अर्थाची एक ओळ. बान्युएलोसपासून उत्तरेकडचा किनारा शंभर-सव्वाशें किलोमीटरांवर. पण तेथील मुलांच्या दृष्टीनें तो चंद्राइतकाच लांब होता. प्रत्येकानें समुद्र कसा असेल याविषयीं दोनचार वाक्यें लिहिलीं आहेत. किती रुंद, किती खोल, पाणी कसें, त्यांत काय काय असेल, याचे ते अंदाज. मास्तर आपणांस तेथें आंघोळीस नेणार म्हणतात, पण बुडण्याची भीति वाटते म्हणून मी नाहीं जाणार, असें एक मुलगी लिहिते. त्या उन्हाळ्यांत मुलांस समुद्र दाखवून आणण्याचें बेनाइजेसनें खरोखरच वचन दिलें होतें. इतर पुस्तिकांत मुलें आपल्याला ठाऊक असलेलें दूरच्यांस सांगतात. या एका पुस्तिकेंत त्यांनीं आपणांस ठाऊक नसलेलें छापून धाडलें, आणि तीच सर्वांत अधिक वाचली गेली.

१९३६ च्या जुलै महिन्यांत छापखानेवाल्या शिक्षकांची तिसरी परिषद मान्रेसा येथें भरावयाची होती. तत्पूर्वींच सैन्याचें बंड झालें. बुर्गोस प्रांत पहिल्याच दिवसांत बंडखोरांच्या हातीं गेला. १९ जुलैस बेनाइजेसला जवळच्या ब्रिव्हिएस्का गांवीं पकडण्यांत आलें आणि २५ जुलैस त्याला ठार मारलें. वय तेहतीस. ला पेद्राखाच्या डोंगराळ रानांत जीं प्रेतें खड्ड्यांत पुरलीं त्यांत त्याचें असावें असें मानतात. २०१० सालीं ते खड्डे उकरण्यांत आले तेव्हां शंभरांहून अधिक माणसांचे सांगाडे मिळाले. पण त्यांतला त्याचा कोणता हें ओळखतां आलें नाहीं. मुलें त्या उन्हाळ्यांत समुद्रावर गेलीं नाहींत. शाळेंत छापलेले कागद घरांत सांपडणें धोक्याचें झालें होतें, म्हणून अनेक कागद नष्ट झाले. तथापि कांहीं पुस्तिका वांचल्या, आणि 'समुद्र' आज पुन्हां छापली गेली आहे. २०२३ सालीं स्पेनमध्यें बेनाइजेसवर एक चित्रपटहि निघाला.

जे वांचले ते पांगले. आल्मेंद्रोस क्यूबांत गेला. त्याचा मुलगा नेस्तोर पुढें चित्रपटांचा नामांकित छायालेखक झाला. रेदोंदो मेक्सिकोच्या व्हेराक्रुझ प्रांतांतील सान आंद्रेस तुश्तला गांवीं पोंचला व तेथें १९४० सालीं त्यानें फ्रेनेच्या नांवाची शाळा काढली. स्वतः फ्रेनेस १९४० सालीं अटक होऊन दीड वर्षाहून अधिक काळ छावण्यांत काढावा लागला. महायुद्धानंतर त्याची चळवळ पुन्हां उभी राहिली. १९४९ सालीं तिच्यावर फ्रान्समध्यें चित्रपट निघाला, आणि १९५७ सालीं निरनिराळ्या देशांतील शिक्षकांचा संघ स्थापन झाला. १९६६ सालीं व्हाँस येथें फ्रेने वारला.

इटलींत या चळवळीचा आरंभ १९५१ सालीं झाला, आणि तेथील एक प्रसंग येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. पियादेनाजवळील व्हो या खेड्यांत मारियो लोदी हा शिक्षक फ्रेनेच्या रीतीनें शिकवीत असे. १९६३ सालीं तो तोस्कानांतील बार्बियाना या डोंगरी वस्तीवर गेला. तेथें चर्चच्या अधिकाऱ्यांनीं जवळजवळ हद्दपार केल्याप्रमाणें पाठविलेला एक धर्मगुरु, दोन लोरेंझो मिलानी, शेतकऱ्यांच्या नापास ठरविलेल्या मुलांस शिकवीत होता. दोन्ही शाळांत पत्रव्यवहार सुरू झाला. लोदीच्या मुलांना पाठवावयाचें उत्तर बार्बियानाच्या मुलांनीं एकट्यादुकट्यानें न लिहितां सर्वांनीं मिळून लिहावयाचें ठरविलें. प्रत्येकानें सुचेल तें चिठ्ठ्यांवर टिपावयाचें, सर्व चिठ्ठ्या मेजावर मांडून जुळवावयाच्या, दोनदां आलेलें गाळावयाचें, कठीण शब्द काढून टाकावयाचे, आणि गांवांतल्या कोणासहि कळेल असें होईपर्यंत घासावयाचें. या पत्राच्या निमित्तानें हातीं आलेल्या हत्यारानेंच मुलांनीं पुढें एक सबंध पुस्तक लिहिलें. १९६७ च्या मे महिन्यांत प्रसिद्ध झालेलें 'एका बाईंस पत्र' तें हेंच. त्यानें इटलीच्या शिक्षणपद्धतीस हादरा दिला. त्याचें मराठींतहि भाषांतर झालेलें आहे. पुस्तक निघाल्यावर महिन्याभरांतच, २६ जून रोजीं, मिलानी वारला. मुलांना नापास करणाऱ्या परीक्षकांवर इतकें धारदार लिहिणाऱ्या या मुलांनीं सामुदायिक लेखनाचे धडे गिरविले ते दुसऱ्या शाळेंतील धाकट्या मुलांस उत्तर धाडतांना, हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें.

यापुढचा भाग यंत्रांच्या प्रगतीचा असून तो थोडक्यांत आटोपतां येईल. १९८८ सालीं न्यूयॉर्क आणि मॉस्को येथील शाळा संगणकाच्या तारेनें जोडण्याचा प्रयोग झाला, आणि त्यांतून 'आयअर्न' ही अनेक देशांतील शाळांची संस्था वाढली. २००५ सालीं युरोपीय संघानें 'ई-ट्विनिंग' या नांवानें शाळांच्या जोड्या लावून देण्यास सुरुवात केली. २०१० सालीं अमेरिकेंतील पर्निल रिप या शिक्षिकेनें, एकच पुस्तक अनेक ठिकाणच्या वर्गांनीं ठराविक आठवड्यांत मोठ्यानें वाचावें आणि त्याविषयीं एकमेकांशीं बोलावें, असा उपक्रम काढला. त्यांत पुढें अनेक देशांतील वर्ग सामील झाले. यांतील चांगुलपणाविषयीं शंका नाहीं. पण उत्तर क्षणांत येऊं लागल्यापासून प्रश्न विचारण्यापूर्वीं विचार करण्याची गरज कमी झाली काय, हें शिक्षकांनींच तपासून पाहावें. पाहुण्यास हात हलवून दाखविणें आणि त्याला चार ओळी लिहिणें यांत फरक आहे.

फ्रेनेचा वारसा ज्यांनीं जाणून-बुजून चालविला त्यांत 'दे ओरिया आ ओरिया' या उपक्रमाची गणना करावी लागेल. स्पॅनिशमध्यें या शब्दांचा अर्थ किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत असा होतो. १९८५ सालीं पोर्तो रिकोंतील एनिड फिगेरोआ आणि अमेरिकेंतील डेनिस सेयर्स व क्रिस्टिन ब्राउन या शिक्षकांनीं तो सुरू केला. अमेरिकेंतील ज्या मुलांची घरची भाषा स्पॅनिश, ती शाळेंत बोलण्याची ज्यांना लाज वाटूं लागलेली, अशा मुलांच्या वर्गांस त्यांनीं ती भाषा बोलणाऱ्या दूरच्या वर्गांशीं जोडलें. लेख संगणकावरून जात. पण त्याबरोबर नकाशे, छायाचित्रें, ध्वनिफिती आणि गांवच्या वस्तु यांचीं पुडकीं पूर्वींप्रमाणें टपालानेंच पाठवावीं, असा त्यांचा आग्रह होता. एके प्रसंगीं विषय ठरला म्हणींचा. शाळेंत त्या कोठून मिळणार? म्हणून मुलें घरीं जाऊन आजी-आजोबांपाशीं वही घेऊन बसलीं, आणि ज्यांना शाळेनें आजवर कांहींच विचारलें नव्हतें ते म्हातारे म्हणी सांगूं लागले.